अर्जदार तोच अध्यक्ष

जयराम बांबर्डेकर यांनी तालुक्याच्या कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केली आणि चौतीस वर्षांत एकही चूक केली नाही. हे दुसरं कोणी सांगत नाही, ते स्वतःच सांगतात, आणि विचारलं नसलं तरी सांगतात. चुका केल्या त्या बाकीच्या जगाने. तालुक्याच्या पार टोकावरून दोन एसट्या बदलून एखादा म्हातारा यायचा, अर्ज पुढे करायचा आणि जयराम चष्मा सावरून त्यात खोट शोधायला बसायचे. तारीख उजवीकडे हवी ती डावीकडे पडलेली, सही रेघेच्या वर गेलेली. मग तांबड्या शाईत 'त्रुटी' असा शब्द उमटायचा आणि कागद टेबलावरून परत सरकायचा. म्हातारा म्हणायचा, "सायबानू, आता काय करू?" जयराम म्हणायचे, "पूर्तता." एवढं बोलून ते चहाला उठायचे. फाट्यावरच्या आंतोनला बापाच्या जमिनीवर वारस म्हणून नाव लावायला असे सहा हेलपाटे पडले होते. सहाव्या वेळी त्रुटी सापडली नाही, तेव्हा जयरामांचा चेहरा दिवसभर उतरलेला होता म्हणतात.

कचेरीचा गोल शिक्का जयरामांच्या ताब्यात असायचा. साहेब आले, साहेब गेले, शिक्का काही त्यांनी कोणाच्या हातात दिला नाही. कोणी म्हणालं, "जरा द्या, मीच मारून घेतो," तर ते असे बघायचे की मागणाऱ्यालाच चोरी केल्यासारखं वाटावं. दर खंडेनवमीला घरून डब्यातून पंचामृत न्यायचं, शिक्का ताम्हणात ठेवायचा आणि दूध, दही, तूप, मध, साखर अशी त्याला रीतसर आंघोळ घालायची, हा त्यांचा नेम. इतर लोक यंत्रांना नुसतं हळदकुंकू लावून मोकळे होत. जयरामांना तसली वरवरची पूजा चालत नसे. शिक्का बिचारा लाकडाचा आणि रबराचा. न्हाला, पुसला, पुन्हा कामाला लागला.

निवृत्त झाल्यावर शिक्का गेला आणि त्यांचा हात रिकामा पडला. गावाने मग त्यांना तंटामुक्त समितीचं अध्यक्षपद दिलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी आठवड्याच्या आत कुडाळला जाऊन समितीचा शिक्का बनवून घेतला, गोलच. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने, ऋताने, बापाला नवी मोटारसायकल घेऊन दिली आणि चतुर्थीला येताना गाडीसाठी चोरघंटा आणली. सीटखाली बसवायचा सायरनचा डबा आणि खिशात ठेवायचे दोन रिमोट. एक बटण दाबलं की गाडी कुलूपबंद, दुसरं दाबलं की मोकळी, आणि तिसरं लाल बटण दाबलं की गाडी जिथे असेल तिथून बोंब मारणार. गावात आजवर एकही मोटारसायकल चोरीला गेलेली नव्हती, पण जयराम म्हणाले, "सुरुवात आमच्यापासून व्हायला नको."

घंटा बसवली ग्लेनिशाने. ग्लेनिशा म्हणजे आंतोनची मुलगी. कसालहून मालवणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यावर आंतोनचं गॅरेज. त्याचे गुडघे गेले तेव्हापासून तो दारात खुर्ची टाकून बसतो आणि हत्यारं मुलगी चालवते. पहिलं वर्षभर लोक गाडी दुरुस्त करायला कमी आणि मुलगी स्पॅनर कसा धरते ते बघायला जास्त यायचे. मग गाड्या खरोखर नीट होऊ लागल्या आणि बघे गिऱ्हाईक झाले. गॅरेजच्या भिंतीवर एक फळी आहे, तिला चौदा खिळे. माणूस यायचा, गाडी लावायचा, आपल्या हाताने चावी खिळ्याला अडकवायचा आणि एसटी पकडून कामाला निघून जायचा. पावती नाही, वही नाही. त्या फळीवर ठेवलेली चावी कधी हलली नाही, आणि कुणाच्या गाडीतला साधा प्लगसुद्धा कधी बदलला गेला नाही. सगळा धंदा त्या चौदा खिळ्यांवर उभा होता, दुसरं भांडवल काय होतं त्या पोरीकडे!

जयराम चावी अडकवून कसले जातायत! घंटा बसवताना ते तीन तास स्टूल टाकून शेजारी बसले आणि रिमोट मुठीत धरून राहिले. पुढचा महिनाभर मात्र त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. देवळासमोर, दुकानासमोर, बँकेसमोर गाडी लावायची, दहा पावलं जायचं आणि न वळता मागे हात करून बटण दाबायचं. गाडी 'टुकटुक' करायची आणि जयराम इकडेतिकडे बघायचे, कोणी बघतंय का ते.

मग खंडेनवमी आली. जयरामांनी गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच घडली नसती. पण रीतसर म्हणजे रीतसर. ताम्हण आलं, ताम्हणात चावी आली, चावीबरोबर रिमोट आला, आणि एकाची पूजा करायची नि दुसऱ्याला तसंच ठेवायचं हे बरं दिसत नाही म्हणून दुसराही आला. त्यांची बायको तुळसा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तेच्यात सेल आसा."

"शिक्क्याला चौतीस वर्षं घातलंय," जयराम म्हणाले. दूध पडलं, दही पडलं, तूप, मध, साखर पडली. वर कुंकवात कालवलेल्या लाल अक्षता पडल्या. मग पळीभर पाणी, मऊ फडक्याने पुसणं, एक रिमोट खिशात आणि दुसरा देव्हाऱ्याच्या खणात.

तीन दिवसांनी गाडी पहिल्यांदा बोंबलली ती गावच्या देवळात. कोणीतरी नारळ ठेवला होता आणि गुरव गाऱ्हाणं घालत होता. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, तेची इडापिडा दूर कर, तेका येस दी रे म्हाराजा!" जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बाहेरून जयरामांची गाडी बोलली. ती जी बोलू लागली ती थांबेचना. गुरवाने पुन्हा सुरुवात केली, गाडीने पुन्हा उत्तर दिलं. शेवटी नारळवाला हात जोडून म्हणाला, "काका, आधी तुमची इडापिडा खंयतरी न्हेवा, मगे माझी बघूया."

त्यानंतर रोजच. बँकेत गेले, बोंब. गिरणीत गेले, बोंब. कधी उलटंच. बटण दाबून बोट दुखलं तरी गाडी मोकळी होईना आणि जयराम भर उन्हात दोन किलोमीटर गाडी ढकलत आणायचे. त्यांनी मागचं छोटं झाकण सरकवून नवा सेल घातला, चार दिवसांत संपला. दुसरा घातला, तोही संपला. झावळ पडली असेल, मांजर चढलं असेल, समोरच्या वाडीतला ढोल वाजला असेल, अशी कारणं त्यांनी वहीत तारखेसह लिहून ठेवली. तुळसाने ती वही न वाचताच सांगितलं, "तुमी रिमोट खिशात घालून गेलास की ती बोंबलता. रिमोट घरात विसारलास की गप बसता. गाडयेक कायएक झाला नाय. खोट तुमच्या खिशात आसा."

"तुला त्यातलं काय कळतंय?" जयराम म्हणाले. तुळसाला त्यातलं सगळं कळलं होतं. पण पस्तीस वर्षांच्या संसारात एकदा सांगून बाजूला व्हायचं, हे ती शिकली होती.

शेवटी जयराम गाडी घेऊन फाट्यावर गेले. ग्लेनिशाने सीट काढली, बॅटरी तपासली, वायरी ओढून बघितल्या, धक्का लागला की वाजणारा जो भाग असतो त्याची संवेदनशीलता कमी केली. मग हात पुसत म्हणाली, "काका, बॅटरी बरी आसा, वायरी बऱ्यो आसत, सायरनाचो डबो बरो आसा. ऱ्हवलो फक्त रिमोट. तो माझ्याकडे दिया, उघडून बघतंय."

"रिमोट मिळणार नाही. काय बघायचं ते माझ्या हातात बघ."

"तुमच्या मुठीत माका काय दिसतला? बरां, कदी पाण्यात पडलो काय तो?"

"पाण्यात? अजिबात नाही," जयराम म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं होतं.

"मगे दुसरो रिमोट आणा. हो घरात ठेवा नि तो घेवन फिरा. गाडी नीट चालली तर खोट ह्या रिमोटात. सरळ गोष्ट आसा."

सरळ गोष्ट जयरामांच्या डोक्यात कधी सरळ शिरत नसे. दुसरा रिमोट हिला कशाला हवा? वाटेत गाडी पुन्हा अडली, ती ढकलताना त्यांनी विचार केला, आणि विचार करता करता त्यांचे डोळे चमकले. सायरन आपोआप वाजत नाही, तो कोणीतरी वाजवतं. वाजवायला रिमोट लागतो. दोन रिमोट आपल्याकडे आहेत. म्हणजे तिसरा आहे, आणि तो जिने घंटा बसवली तिच्याकडे आहे. तिसरा आहेच, म्हणून तर चौकशी आपल्या रिमोटवर ढकलतेय! घरी पोचेपर्यंत त्यांची खात्री पटली होती. ढकलायची गाडी हातात नसती तर त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी कसालच्या बाजारात, समर्थच्या हाटेलात, भजी खाता खाता जयराम चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी कोणाचं नाव घेत नाही. पण फाट्यावर गाडी ठेवताना चावीचा विचार करा. तिथे चाव्या कुणी मोजत नाही, आणि डुप्लिकेट करायला वेळ लागत नाही."

नाव घेतलं नाही म्हणजे आपण सुटलो, असं असल्या माणसांना वाटतं. फाट्यावर गॅरेज एकच होतं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट कसाल सोडून चार गावांत पोचली, आणि पोचेपर्यंत तिला पाय फुटले होते. म्हणे एक गाडी गोव्यात सापडली, म्हणे बापच सामील आहे. लोक तोंडावर काही बोलले नाहीत. गाडी दुरुस्त होईपर्यंत मात्र तिथेच उभे राहू लागले, चावी बोटात फिरवत. मग उभं राहण्याचाही कंटाळा आला, तेव्हा ते गाड्या कुडाळला नेऊ लागले. पंधरा दिवसांत फळीवरचे चौदा खिळे मोकळे झाले. ग्लेनिशा सकाळी गॅरेज उघडायची, हत्यारं तेलात पुसायची, ओळीने मांडायची आणि त्या फळीकडे पाठ करून बसायची. तिला फळी बघवत नव्हती. आंतोन खुर्चीत बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्या ओळखायचा. ही आपण बांधलेली, तिचा क्लच आपण घातलेला. थांबत कोणी नव्हतं.

जयरामांचं एवढ्यावर समाधान झालं नाही. गॅरेजच्या ना हरकत दाखल्याचं नूतनीकरण ग्रामपंचायतीत पडून आहे, असं त्यांना कळलं आणि त्यांच्या बोटांना जुनी खाज सुटली. त्यांनी अर्ज लिहिला. प्रति, माननीय अध्यक्ष, तंटामुक्त समिती. म्हणजे स्वतःलाच. 'सदर गॅरेजधारक महिलेने अर्जदाराच्या वाहनाचा तिसरा रिमोट बेकायदेशीररीत्या स्वतःकडे ठेवल्याचा दाट संशय असून, चौकशी पूर्ण होईपर्यंत तिचा दाखला रोखण्यात यावा. तसेच अर्जदाराचे दोन्ही रिमोट पंचांसमक्ष उघडून, त्यांत काही छेडछाड केली आहे काय, हे तपासण्यात यावे.' अर्ज लिहून झाल्यावर ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, अर्ज स्वतःच्या हातून स्वीकारला, वर समितीचा शिक्का मारला आणि तपासून बघितला. त्रुटी नव्हती.

"दाखलो गेलो तर आंतोनच्या त्या चेडवान काय करूचां?" तुळसाने विचारलं.

"ते चौकशीत निष्पन्न होईल."

"माका एक सांगा, उद्या तुमची चूक निघाली तर?"

जयराम हसले. असलं काही निघू शकतं, हेच त्यांना गमतीचं वाटलं.

चौकशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली आणि सभागृह तुडुंब भरलं. इतकी गर्दी ग्रामसभेला असती तर गाव सुधारलं असतं. पंच म्हणून पोलीस पाटील सुशांत आणि आशा सेविका रसिका. खुर्चीत अध्यक्ष जयराम. त्यांनी अर्जदाराचं नाव पुकारलं, मग उठून समोर गेले, अर्ज वाचला, आणि परत येऊन खुर्चीत बसत म्हणाले, "अर्जदाराचं म्हणणं समितीने ऐकून घेतलं आहे."

"अर्जदार जरा लांबण लावता," मागून कोणीतरी म्हणालं.

ग्लेनिशा एका पिशवीत छोटा स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि पांढरा कागद घेऊन आली होती. तिच्याबरोबर काठी टेकत आंतोन आला होता. त्याने रविवारी चर्चला घालायचा शर्ट घातला होता. ती म्हणाली, "माझ्याकडे तिसरो रिमोट नाय, आणि नाय ती वस्तू मी दाखवू कशी? काकांनी लिवल्यानी तसे दोनय उघडा. माझो हात नको लावूक. पाटलांनीच उघडूचे."

जयरामांनी खिशातला रिमोट काढून सुशांतच्या हातात ठेवला. देताना त्यांची मूठ सुटायला जरा वेळच लागला. सुशांतने कागदावर रिमोट धरून चार स्क्रू सोडले. वरचं झाकण सहज निघेना, आतून चिकटलं होतं. जोर लावल्यावर निघालं आणि आंबूस वास आला. आतली पट्टी पिवळट चिकट झाली होती. रसिकाने केसातली पिन काढून लाल बटणाच्या कडेची फट उकरली, तर तिथून तांदळाचा एक दाणा निघाला, कुंकवाने लाल झालेला. लाल बटणाला टेकून लाल दाणा बसला होता, बाहेरून दिसणार कसा? त्याने बटण अर्धवट आत दाबून धरलं होतं. खिशाच्या उबेने साखर पाघळली की बटण टेकायचं आणि गाडी बोंबलायची. दिवसभर खिशात असं टेकत राहिल्यामुळे सेल चार दिवसांत मरायचा.

"अक्षता?" सुशांत म्हणाला. "रिमोटाचा लगीन लावलास काय, काका?"

सभागृह हसलं. जयराम ताठ होऊन म्हणाले, "हा दाणा नंतर कोणीतरी आत घातलेला असू शकतो. दुसरा रिमोट उघडा. तो आजपर्यंत माझ्या देव्हाऱ्याच्या खणाबाहेर गेलेलाच नाही." आपण स्वतःच्या पायाखालची फळी काढतोय, हे त्यांना कळलंच नाही. सुशांतने दुसरा रिमोट उघडला. झाकण सरकलं आणि आतून मुंग्या निघाल्या, पाच-दहा नव्हे, रांगच्या रांग. कुटुंबकबिला घेऊन राहायला आलेल्या. त्या कागदावरून टेबलावर आणि टेबलावरून थेट अध्यक्षांच्या फायलीवर चढल्या.

ग्लेनिशाने शांतपणे विचारलं, "काका, मी तुमका इचारलंय, पाण्यात पडलो काय? तुमी नाय म्हणालास."

"पाण्यात नव्हताच पडला," जयराम म्हणाले. "पंचामृतात..." वाक्य तिथेच राहिलं. आता काय हशा पिकला! बाके वाजली, एकाला ठसका लागला, म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून बसल्या. हसत नव्हते ते फक्त आंतोन आणि ग्लेनिशा. त्या दोघांकडे जयरामांची नजर गेली. पोरीचे डोळे भरले होते.

तरी सवय कुठे जाते? त्यांनी पेन उचललं आणि निकाल लिहून वाचून दाखवला, "सदर रिमोटमध्ये मुंग्या शिरल्याचे आढळून आले. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे."

"म्हणजे गुन्हो मुंगयांचो?" सुशांत म्हणाला. "तेंका नोटीस काढूया? पत्तो काय घालूचो?"

रसिकाने आपल्या पर्समधून तांबडं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "ह्या घ्या. तुमच्या हाताक हेची सवय आसा."

जयरामांनी ते पेन धरलं. त्यांनी स्वतःच्या अर्जावर, स्वतःच्या सहीच्या वर, 'त्रुटी अर्जदाराची' असं लिहिलं. चौतीस वर्षांत हजारो वेळा लिहिलेला शब्द, पण या खेपेला त्यातलं 'त्रु' लिहितानाच शाई फुटली. दाखल्याचं नूतनीकरण करावं, अशी शिफारस खाली लिहिली, शिक्का मारला आणि संपलं एकदाचं म्हणून श्वास सोडला.

तेव्हा आंतोन काठीवर उठला. "जयराम, तू माझ्या चेडवाचा नाव खंय काढलंस? कसालच्या हाटेलात. आणि चूक खंय लिवतंस? ह्या वहीत. ही वही कोण वाचता रे? सगळ्यांनी आयकला ता तोंडाचा, आणि मागे घेतंस ता कागदाचा?"

जयराम खाली बघत म्हणाले, "मग मी काय करू?" हा प्रश्न टेबलाच्या त्या बाजूने त्यांनी हजारदा ऐकला होता. या बाजूने विचारायची वेळ पहिल्यांदाच आली.

ग्लेनिशाने डोळे पुसले. "रिमोट मी अर्ध्या तासात साफ करतंय, काका. पण तुमची गाडी चार दिस माझ्याकडे ऱ्हवांदे. चावी आणि दोनय रिमोट माझ्या फळयेर. तुमी चालत फिरा. कोणी इचारल्यान, गाडी खंय, तर सांगा खंय आसा ती, आणि कित्याक आसा ती."

"त्याची पोच..." जयरामांच्या तोंडून गेलं. सभागृहाने एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी जीभ चावली, फाट्यापर्यंत गाडी ढकलत नेली आणि स्वतःच्या हाताने चावी पहिल्या खिळ्याला अडकवली.

पहिल्या दिवशी त्यांनी चलाखी करून बघितली. कोणी विचारलं तर, "सर्व्हिसिंगला दिलीय." पण आमच्याकडचे लोक तेवढ्यावर सोडतात होय? "कोणाकडे?" "ग्लेनिशाकडे." "पण तुमीच म्हणालास ना, थंय चावी ठेवू नका?" मग घसा खाकरावा लागायचा आणि सगळं सांगावं लागायचं, ताम्हणापासून मुंग्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते एसटीने कसालला गेले. समर्थने न मागता भज्यांची बशी पुढे ठेवली आणि कोपरं टेकून उभा राहिला. जयरामांनी सांगितलं. समर्थ म्हणाला, "परत सांगा, काका. मागे बसलेल्यांका आयकूक येवक नाय." त्यांनी परत सांगितलं, मोठ्याने. "चूक माझी होती. त्या मुलीची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो." भजी तशीच राहिली. परतीची एसटी चुकली, भर उन्हात चालताना चपलेचा अंगठा तुटला, आणि तालुक्याच्या टोकावरून दोन एसट्या बदलून येणारे ते म्हातारे एकामागून एक त्यांना आठवत गेले. त्यांच्याही चपला अशाच असतील, हे तेव्हा कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना रडू आलं. आसपास कोणी नव्हतं म्हणून ते थोडं रडलेही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते फाट्यावर पोचले. गॅरेजच्या आत-बाहेर मिळून सात गाड्या उभ्या होत्या आणि ग्लेनिशा एका स्कूटरखाली आडवी झाली होती. फळीवर सात चाव्या होत्या. पहिल्या खिळ्याला त्यांची, साफ केलेल्या दोन्ही रिमोटांसकट. ग्लेनिशाने मान बाहेर काढली.

"सगळ्यांक सांगून झाला, काका?"

जयरामांनी बोटं मोजली. हाटेल, देऊळ, बँक, गिरण, रेशनचं दुकान, दोन्ही वाड्या. खोटं सांगता आलं असतं. पण त्यांच्या तोंडून निघालं, "पोस्टमन ऱ्हवलो. तो रजेर आसा."

"मगे तो येयसर गाडी हंयच ऱ्हवांदे," ती म्हणाली आणि पुन्हा स्कूटरखाली गेली.

जयराम वळले आणि सुतळीने बांधलेली चप्पल ओढत घरच्या वाटेला लागले. ते वळणापर्यंत गेले असतील, तेव्हा खुर्चीत बसलेल्या आंतोनने मागून हाक दिली, "जयराम, पूर्तता होऊक होयी रे!"